पिंग जातंय पण साइट उघडत नाही, लिनक्सला शिव्या घालायच्या आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताराबाई पार्कात रूम घेऊन राहणारा एक इंजिनिअरिंगचा पोरगा, लॅपटॉपवर लिनक्स मिंट. दोन आठवड्यांपासून गूगल उघडतंय, यूट्यूब पळतंय, पण बँकेची साइट, लाइटबिल भरायची साइट आणि परीक्षेचा फॉर्म एवढं सोडून बाकी सगळं चालू. ही तीन नुसती गोल गोल फिरत बसतात, एरर पण देत नाहीत. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायचा छोटा निरोप) केलं तर जातंय. मोबाईलवर त्याच वायफायवर उघडतंय म्हणे. मित्र म्हणाले लिनक्सच बोगस, फॉरमॅट मार, तर यानं खरंच मारला आणि मिंट परत टाकलं, तरी तेच. आता विचारतोय की दादा, विंडोज टाकू का.

थांब भावा, टाकू नको. फॉरमॅट मारून पण तेच होतंय म्हणजे एक गोष्ट तुला फुकटात कळली की घोळ बहुतेक तुझ्या लॅपटॉपच्या आत नाहीच. फॉरमॅटनं जे पुसलं जातं त्यातलं काही कारण असतं तर ते गेलं असतं की.

दुसरं म्हणजे मोबाईलची साक्ष. ही लई फसवी असते. बऱ्याच फोनात असं सेटिंग असतं की वायफाय बरोबर चालेना असं वाटलं की फोन गपचूप मोबाईल डेटावर जातो, वरती वायफायची खूण कधीकधी तशीच दिसत राहते आणि आपण म्हणतो मोबाईलवर उघडतंय. मोबाईल डेटा बंद कर आणि मग तीच बँकेची साइट उघडून बघ. माझा अंदाज आहे तिथं पण फिरत बसणार, आणि मग लिनक्सचा विषयच संपला.

मी सतरा-अठरा वर्षं कोल्हापुरात हेच करतोय, उद्यमनगरातल्या वर्कशॉपचे कॉम्प्युटर, शाळांच्या लॅब, घरगुती वायफाय, आणि माझं ठाम मत असं झालंय की 'साइट उघडत नाही' ही तक्रारच अर्धवट आहे. पोटात दुखतंय म्हटल्यासारखं. साइट उघडताना आधी नावावरून आयपी पत्ता शोधला जातो (हे काम डीएनएसचं), मग त्या पत्त्यापर्यंत कनेक्शन होतं, मग सर्टिफिकेटची देवाणघेवाण, मग पान येतं, मग ब्राउझर ते दाखवतो. यातल्या कुठल्या पायरीवर मेलं ते बघायच्या आधी डीएनएस बदल, कॅशे पुस, ब्राउझर बदल असं सगळं एकदम करत सुटलं की बरं झालं तरी कशानं झालं ते कळत नाही, आणि चार सेटिंगं उलटीपालटी होऊन बसतात ती वेगळीच.

म्हणून पहिली कमांड एकच, कर्ल. नसेल तर ॲप्टनं टाकून घे. मी इथं मराठीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत कर : कर्ल, स्पेस, मायनस व्ही, आणि पुढं एचटीटीपीएससकट साइटचा पत्ता. आणि शेवटची ओळ कुठली येऊन थांबली तेवढं बघ. 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट' आलं तर नावाचा घोळ. 'ट्राइंग' आणि एक पत्ता दिसून तिथंच अडकलं तर रस्त्याचा घोळ. 'कनेक्टेड' आलं, त्याखाली 'क्लायंट हॅलो' (सर्टिफिकेटच्या बोलणीतला आपला पहिला निरोप) आलं आणि मग सगळं चिडीचूप, तर तो तिसराच प्रकार आणि तुझा हाच असणार असं मला वाटतंय. सर्टिफिकेटचं नाव घेऊन ओरडलं तर घड्याळ नाहीतर जुनं सॉफ्टवेअर. आणि कर्लनं पान धडाधड ओतलं, ब्राउझरच रडतोय, तर एक्स्टेन्शन, प्रॉक्सी असलं काहीतरी.

पिंग जातंय यावर काही ठरवू नको. पिंगचं पॅकेट इवलंसं असतं, ८४ बाइटचं. उलट पिंग जात नाही म्हणून साइट बंद आहे असं पण नसतं, कितीतरी साइट पिंगला उत्तरच देत नाहीत.

आता तुझ्या केसवर येतो. ऊसाच्या सीझनला भरलेली ट्रॉली आणि रेल्वेच्या पुलाखालचा लोखंडी हाइटबार डोळ्यापुढं आण. सायकल जाते, मोटरसायकल जाते, रिक्षा जाते, ट्रॉली अडकते. नेटवर त्या बारला एमटीयू म्हणतात, म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट. साध्या इथरनेटवर १५००. पण आपल्याकडं बरेच केबलवाले फायबर देताना पीपीपीओई वापरतात, राउटरमध्ये यूजरनेम पासवर्ड टाकायला लागतो ते, आणि त्याचं स्वतःचं ८ बाइटचं ओझं असतं, म्हणून उरतात १४९२. फरक फक्त ८ बाइटचा, पण १५०० ची ट्रॉली १४९२ च्या बारखालून जात नाही म्हणजे नाही.

खरं तर यावर सोय आहे. बारजवळचा राउटर पाठवणाऱ्याला निरोप देतो की बाबा, पॅकेट मोठं आहे, कमी भरून पाठव. हा निरोप आयसीएमपीनं (पिंग पण ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) जातो, आणि ही पद्धत १९९० पासून कागदावर आहे. पण काही साइटवाले फायरवॉलमध्ये आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवतात, सुरक्षेच्या नावाखाली. मग निरोप पोचत नाही, तिकडचा सर्व्हर तीच मोठी ट्रॉली परत परत पाठवत बसतो, ती परत परत अडकते, आणि तू इकडं गोल फिरणाऱ्या चक्राकडं बघत बसतोस. एरर येत नाही कारण कुणी कुणाला नाही म्हणलेलंच नाही. याला ब्लॅक होल म्हणतात.

मग कनेक्शन का होतं? कारण ती सुरुवातीची तीन पॅकेटं बारीक असतात. तुझा हॅलो जातो. पण सर्व्हर जे सर्टिफिकेट पाठवतो ते साधारण तीन-चार हजार बाइटचं, म्हणजे दोन-तीन भरगच्च पॅकेटं, आणि तिथं गाडी अडकते. गूगल आणि यूट्यूब का चालतात तर ते क्रोमसारख्या ब्राउझरशी क्विक नावाच्या प्रोटोकॉलनं बोलतात, ते यूडीपीवर चालतं आणि पहिली पॅकेटं साधारण १२०० बाइटच्या आसपासच ठेवतं, बारखालून आरामात. म्हणून 'यूट्यूब चालतंय म्हणजे नेट ठीक आहे' हे म्हणणं पण सोडून दे.

बघायचं कसं ते नीट वाच. पिंग, मायनस एम, डू, मायनस एस, १४७२, मायनस सी, ४ आणि पुढं १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा सगळ्यांना खुला डीएनएस सर्व्हर). 'मायनस एम डू' म्हणजे पॅकेट वाटेत तोडायचं नाही. १४७२ का, तर पिंगच्या वर २८ बाइटचं हेडर चढतं, २० आयपीचे आणि ८ आयसीएमपीचे, मिळून १५००. हे गप्प राहिलं, किंवा पॅकेट मोठं आहे असं उत्तर आलं, तर तीच कमांड १४६४ नं मार. हे गेलं तर १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२, चोर सापडला. १४६४ पण जात नसेल तर दहा-दहानं खाली ये, जो आकडा सगळ्यात मोठा जातो त्यात २८ मिळव. एवढा खटाटोप नको असेल तर ट्रेसपाथ म्हणून कमांड आहे, ती पीएमटीयू, म्हणजे सगळ्या वाटेतला सगळ्यात लहान एमटीयू, स्वतःच सांगते, पण मला पिंगवर जास्त भरवसा.

मग लॅपटॉपवर तात्पुरतं करून बघ : सुडो आयपी लिंक सेट डेव्ह, मग तुझ्या वायफाय कार्डचं नाव, मग एमटीयू १४९२. कार्डाचं नाव 'आयपी ए' मारलं की दिसतं, बहुतेक डब्ल्यूएलपी नं सुरू होणारं. हे केलं की तुझा लॅपटॉप प्रत्येक नव्या कनेक्शनला सर्व्हरला आधीच सांगतो की मला एवढंच भरून पाठव, आणि सर्व्हर ऐकतो, त्याला तो आयसीएमपीचा निरोप लागतच नाही. ब्राउझर बंद करून परत उघड आणि बँकेची साइट बघ. उघडली तर रीस्टार्टनंतर पण राहावं म्हणून नेटवर्क सेटिंगमध्ये त्या वायफायच्या कनेक्शनमध्ये जाऊन एमटीयूच्या चौकटीत १४९२ लिहून ठेव.

पण हे पण ठिगळच आहे हां. खरं दुखणं राउटरमध्ये. राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) सेटिंगमध्ये एमटीयू १५०० टाकलेलं असेल तर १४९२ कर, आणि एमएसएस क्लॅम्पिंग (राउटरच प्रत्येक कनेक्शनला पॅकेटाचा आकडा कमी करून सांगतो) म्हणून पर्याय दिसला तर चालू कर, म्हणजे घरातल्या सगळ्या मशीनचं काम एकदम होतंय, टीव्हीपासून पाहुण्याच्या मोबाईलपर्यंत. दोन आठवड्यांपूर्वी राउटर बदलला होता का रे? नाहीतर केबलवाला येऊन काहीतरी 'सेटिंग मारून' गेला असेल. तारीख जुळवून बघ.

मी हे एवढ्या तपशिलात का सांगतोय, तर एकदा मीच तोंडावर पडलोय. राजारामपुरीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात तीन मशीन, दोन विंडोज आणि एक लिनक्स, आणि फक्त लिनक्सवर दोन-तीन साइट उघडेनात. रिटर्न भरायचा शेवटचा आठवडा, साहेब तापलेले. मी आधी डीएनएस बदललं, मग फायरफॉक्स काढून क्रोम टाकलं, मग आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब आयपी पत्ते) बंद केलं, मग कर्नल जुना लावून बघितला, तीन तास गेले, चार चहा झाले. साहेबांचा हेल्पर पोरगा मागनं म्हणाला, "दादा, ह्या मशीनची वायर त्या नव्या डब्यात हाय, बाकीच्या दोन जुन्याच डब्यात हायत." दोन राउटर! जुन्यात क्लॅम्पिंग चालू, नव्यात नाही. वायर काढून जुन्यात घातली, साइट उघडली. त्या दिवसापासनं मी आधी टेबलाखाली वाकून वायर कुठं जाते ते बघतो, मग कीबोर्डला हात लावतो.

नेटवर शोधताना तुला एक सल्ला हमखास सापडेल, 'टीसीपी एमटीयू प्रोबिंग' या कर्नलच्या सेटिंगची किंमत १ करा. वाईट नाही, पण ते तू जे पाठवतोस त्यालाच लागू. फाइल अपलोड अडकत असेल तर उपयोग, तिकडनं येणारी मोठी पॅकेटं अडकत असतील तर काही फरक नाही. आणि दुसरा जुना सल्ला म्हणजे विंडो स्केलिंग (एका वेळी वाटेत किती डेटा राहू द्यायचा ती मर्यादा वाढवणारी सोय) बंद करा, ईसीएन (वाटेत गर्दी झाली हे पॅकेटावर खूण करून सांगायची सोय) बंद करा. याला इतिहास आहे. २००१ च्या जानेवारीत लिनक्सचं २.४ कर्नल आलं, त्यात ईसीएन आलं, आणि तेव्हाचे काही फायरवॉल ती खूण बघून बिथरायचे आणि पॅकेट फेकून द्यायचे, म्हणून लिनक्सवर काही साइट खरंच उघडायच्या नाहीत. ते दिवस गेले. आज विंडो स्केलिंग बंद केलंस तर एका वेळी ६५,५३५ बाइटच्या वर डेटा वाटेत राहू शकत नाही, आणि अमेरिकेतला सर्व्हर २०० मिलिसेकंदावर असेल तर हिशोब कर, सेकंदाला जेमतेम ३२० केबी, म्हणजे २.६ एमबीपीएस. लाइन १०० ची घेतलेली असो नाहीतर ३०० ची. वर परत विचारणार की दादा, नेट स्लो का.

आता तुझं हे नसलं तर बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो.

नावाचा घोळ असेल तर दोन कमांड शेजारीशेजारी मारून बघ, 'डिग' आणि 'गेटएंट होस्ट्स', दोन्हीपुढं साइटचं नाव. डिगच्या शेवटी '@१.१.१.१' लावलंस की ते सरळ बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला विचारतं. गेटएंट मात्र ब्राउझर साधारण ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं जातं, म्हणजे आधी ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स फाइल बघतं. दोघांची उत्तरं वेगळी आली की होस्ट्स फाइल उघड. उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या मशीनवर त्यांचीच स्वतःची वेबसाइट दोन वर्षांपूर्वीची दिसायची, जुने दर, जुना फोन नंबर, आणि मालक वेबसाइटवाल्या पोराला रोज फोन करून झाडायचे. पोरानंच साइट बनवताना टेस्टिंगला होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाकली होती आणि काढायची विसरला होता. साइट दुसऱ्या सर्व्हरवर गेली, ओळ तिथंच. सगळ्या जगाला नवी साइट दिसत होती, मालक सोडून.

ईटीसीतल्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये (डीएनएस कुणाला विचारायचं ते तिथं असतं) १२७.०.०.५३ दिसलं की घाबरून ते पुसू नको, तो तुझ्याच मशीनवरचा सिस्टमडीचा रिझॉल्व्हर आहे. खरा डीएनएस कोणता ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' सांगतं, कॅशे साफ करायला 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस'. आणि ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू असेल तर तो या सगळ्याला बगल देऊन स्वतःच्या सर्व्हरला विचारतो, त्यामुळं टर्मिनलात एक आणि ब्राउझरात एक असं होऊ शकतं.

'ट्राइंग' वर अडकत असेल तर समोरचा पत्ता बघ. कोलनवाला लांबलचक पत्ता असेल तर तो आयपीव्ही६. कर्लला मायनस ४ लावून आणि मायनस ६ लावून दोनदा मार. ४ नं लगेच आलं आणि ६ नं लटकलं तर राउटर आयपीव्ही६ चा पत्ता वाटतोय पण पुढं रस्ताच नाही. ब्राउझर हुशार असतात, एक अडकलं की पाव सेकंदात दुसरं धरतात, त्यामुळं हा घोळ ब्राउझरपेक्षा अपडेट करताना जास्त जाणवतो. राउटरमध्ये दुरुस्त झालं तर उत्तम, नाहीतर ईटीसीमध्ये जीएआय.कॉन्फ फाइल आहे (आम्ही तिला गाय कॉन्फ म्हणतो), तिच्यात आयपीव्ही४ ला पुढं करणारी ओळ आधीच लिहून ठेवलेली असते, तिच्यापुढची हॅशची खूण काढायची. आयपीव्ही६ मुळासकट बंद करायचा सल्ला मी देत नाही, वर राजारामपुरीत केला होता तरी.

रस्त्याचाच आणखी एक नमुना. गोकुळ शिरगावच्या एका कंपनीतल्या पोराच्या लॅपटॉपवर कंपनीचीच आतली साइट उघडेना, बाहेरचं सगळं चालू. त्यानं घरी शिकायला डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलेलं. डॉकर स्वतःच्या नेटवर्कसाठी १७२.१७ पासून पुढचे पत्ते घेत जातं, आणि कंपनीचा सर्व्हर नेमका १७२.१८ मध्ये. लॅपटॉपला वाटायचं सर्व्हर आपल्या पोटातच आहे. 'आयपी रूट गेट' आणि पुढं सर्व्हरचा आयपी मारला की पॅकेट कुठल्या दारानं बाहेर पडतंय ते दिसतं, तिथं वायफायच्या कार्डाऐवजी 'बीआर' नं सुरू होणारं काही दिसलं की समजायचं.

व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद कर. काही सरकारी साइट भारताबाहेरच्या आयपीला दारातच उभं करत नाहीत, आणि तू इथं रंकाळ्यावर बसून सिंगापूरचा होऊन गेलेला असतोस. वायरगार्ड (व्हीपीएनचाच एक प्रकार) असेल तर त्याचा एमटीयू मुळात १४२० असतो, पण खालची लाइन पीपीपीओईची असेल तर १४१२ करून बघ.

सर्टिफिकेटची एरर आली की पहिल्यांदा कोपऱ्यातलं घड्याळ बघायचं, हसू नको. एका शाळेच्या लॅबमध्ये मे महिन्याच्या सुट्टीत मेन स्विच बंद होता, जूनमध्ये चालू केलं तर वीसातल्या अकरा मशीनवर एक पण साइट उघडेना, सगळीकडं लाल पान. मदरबोर्डवरचे सीआर२०३२ सेल संपलेले, तारीख काही वर्षं मागं गेलेली, आणि त्या तारखेला आजची सर्टिफिकेटं जन्मालाच आली नव्हती. 'टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' मारलं, घड्याळं जागेवर आली, सेल नंतर बदलले. घड्याळ बरोबर असूनही एरर येते आणि सिस्टम फार जुनी असेल, उबुंटू १४.०४ वगैरे, तर ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं जुनं रूट सर्टिफिकेट संपलं ते कारण असू शकतं. त्याला जुगाड करत बसू नको, नवी सिस्टम टाक.

कर्ल चालतंय आणि ब्राउझर नाही, तर प्रायव्हेट विंडो उघड, तिथं उघडलं तर एक्स्टेन्शन किंवा कुकी. नाही उघडलं तर प्रॉक्सीचं सेटिंग बघ, कॉलेजच्या वायफायला टाकलेली प्रॉक्सी घरी पण तशीच राहिलेली मी पन्नास वेळा तरी बघितलीय. आणि एक नवीन कारण म्हणजे २०२४ पासून क्रोम आणि फायरफॉक्सचा तो पहिला हॅलोच मोठा झालाय, क्वांटमला टिकणाऱ्या किल्लीमुळं एका पॅकेटात मावत नाही, आणि काही जुन्या फायरवॉलना तो तुकड्यात आलेला हॅलो पचत नाही. असं असेल तर दोष त्या फायरवॉलचा, तुझ्या हातात फार काही नाही.

तर तू आता एवढंच कर. मोबाईल डेटा बंद करून फोनवर बँकेची साइट बघ, मग लॅपटॉपवर १४७२ आणि १४६४ चे दोन पिंग मार, आणि कर्लच्या शेवटच्या चार-पाच ओळी जशाच्या तशा इथं टाक, फोटो नको, मजकूर कॉपी करून. राउटरचा पासवर्ड घरमालकाला विचारण्याआधी डबा उलटा करून खालचं स्टिकर बघ, बहुतेक तिथंच असतोय. आणि वॅनच्या पानावर गेलास की यूजरनेम पासवर्डच्या चौकटीला हात लावू नको, फक्त एमटीयूचा आकडा बदल, नाहीतर रविवारी केबलवाला फोन उचलत नाही.